जर्मनीतला पहिला हिवाळा आणि पहिला नाताळ: नव्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात जर्मनीत आलेली मराठी जोडपी ऑक्टोबर संपत आला की तेच तेच प्रश्न विचारू लागतात. जाकीट कुठलं घ्यायचं, हीटर किती वर ठेवायचा, नाताळच्या बाजारात शाकाहारी काय मिळतं. इथे काही वर्षं काढलेल्या आम्हा मित्रमंडळींनी दिलेली उत्तरं एकत्र केली आहेत. थंडीबद्दल सगळेच विचारतात, अंधाराबद्दल क्वचितच कोणी विचारतं, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

हिवाळ्यात सगळ्यात जास्त त्रास थंडीचाच होतो ना?

थंडीचा बंदोबस्त पैशाने होतो. चांगलं जाकीट आणि चांगले बूट घेतले की बरंचसं काम झालं. खरा त्रास अंधाराचा, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला त्याची आधी कल्पनाच येत नाही. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा असतो. म्युनिकमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सकाळी ८ ला उगवतो आणि दुपारी ४ वाजून २० मिनिटांच्या आसपास मावळतो. हॅम्बुर्गमध्ये दिवस जेमतेम साडेसात तासांचा. त्यात आभाळ भरलेलं असलं, आणि नोव्हेंबरात ते बहुतेक वेळा असतंच, तर दुपारी २ वाजताही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. शनिवारी सहाला मावळलेला सूर्य रविवारी पाचलाच मावळतो. शरीराला हा बदल पचायला आठवडाभर तरी लागतो. भारताशी असलेलं अंतरही साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. इथे ऑफिसमधून घरी येऊन सहाला फोन लावावा तर तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि आईबाबा झोपायला निघालेले असतात. घरच्यांशी निवांत बोलायचं असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बोला. इथे १ वाजला की तिकडे साडेपाच, म्हणजे चहाची वेळ.

मग या अंधाराचं करायचं काय?

दिवसाउजेडी बाहेर पडायचं. रोज, हवा कशीही असली तरी. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर जेवढा प्रकाश असतो तेवढा घरातले सगळे दिवे लावूनही मिळत नाही. ऑफिसात जेवणानंतर वीस मिनिटं चालणारे सहकारी दिसतील, त्यांच्याबरोबर निघा. भाषेचा सरावही होतो. शनिवार-रविवारी अकरापर्यंत लोळत पडायचा मोह फार होतो. पण तसं केलं तर आंघोळ-जेवण होईस्तोवर उजेड संपत आलेला असतो आणि दिवस वाया गेल्यासारखं वाटत राहतं. सुट्टीच्या दिवशी आधी बाहेर जाऊन या, स्वयंपाक नंतर करा.

ड जीवनसत्त्वाचं मनावर घ्या. ऑक्टोबर ते मार्च या काळात जर्मनीतलं ऊन इतकं तिरकं असतं की त्वचेला त्यापासून पुरेसं ड जीवनसत्त्व तयारच करता येत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला तर गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं. शाकाहारी असाल तर आहारातूनही फारसं मिळत नाही. कौटुंबिक डॉक्टरांकडे हा विषय काढा आणि गोळी किती ताकदीची घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्या. पाय दुखणं, सतत थकवा येणं याला ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

सकाळी वापरायचे १०,००० लक्सचे प्रकाशदिवे दुकानांत मिळतात. न्याहारी करताना अर्धा तास समोर ठेवले तर बऱ्याच जणांना फरक जाणवतो. डोळ्यांचा काही आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

नोकरी आमच्यापैकी एकालाच आहे. दुसरा माणूस दिवसभर घरी असतो. त्याचं काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि तो बहुतेक वेळा उशिरा विचारला जातो, जानेवारीत, भांडणं सुरू झाल्यावर.

जो नोकरीला जातो त्याला दिवसभर माणसं भेटतात. तो संध्याकाळी थकून घरी येतो आणि त्याला शांतता हवी असते. जी व्यक्ती घरी असते तिने सकाळपासून एका माणसाशीही शब्द बोललेला नसतो. पुण्या-नाशिकात स्वतःची नोकरी आणि मैत्रिणींचा गोतावळा असलेली बाई इथे एकदम ‘अमक्याची बायको’ होऊन बसते. हे नवऱ्यांच्या बाबतीतही होतं, आणि ते याबद्दल आणखी कमी बोलतात. उन्हाळ्यात बागा असतात, सायकल असते, उजेड रात्री नऊपर्यंत असतो, म्हणून हे जाणवत नाही. नोव्हेंबरात सगळं एकदम अंगावर येतं.

उपाय मोठे नाहीत, पण ते ऑक्टोबरातच सुरू करावे लागतात. घरी असलेल्या व्यक्तीला आठवड्यातून निदान तीन दिवस ठरावीक वेळी घराबाहेरचं ठरावीक काम हवं. जर्मनचा वर्ग, जिम, वाचनालय, काहीही चालेल. गावोगावी ‘फोल्क्सहोखशूले’ नावाची प्रौढांसाठीची शिक्षणकेंद्रं असतात. तिथे भाषेपासून शिवणकामापर्यंतचे वर्ग परवडतील अशा दरात मिळतात. कुशल कामगार किंवा ब्लू कार्डधारकाच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराच्या) जोडीदाराला सहसा नोकरी करायची मुभा असते, आणि तसं जोडीदाराच्या रेसिडन्स कार्डावर छापलेलं असतं. ते नीट वाचा. ‘डिपेंडंट आहे म्हणजे काम करता येत नाही’ ही इतर देशांवरून आलेली समजूत इथे बहुतेकांना लागू होत नाही.

नोकरी करणाऱ्याने एक पाळावं. घरात शिरल्यावर पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवून चहा दोघांनी मिळून प्यायचा. उपाय साधा वाटतो, पण आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत त्याने हिवाळा सुसह्य झाला आहे.

मन फारच खचत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ‘टेलिफोनझेलसोर्गे’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी मोफत, चोवीस तास चालणारी सेवा ०८०० १११ ०१११ या क्रमांकावर आहे. तिथे संभाषण मुख्यतः जर्मनमध्ये चालतं.

कपडे भारतातून आणावे की इथे घ्यावे?

आतले थर्मल, लोकरी पायमोजे, शाली आणि आजीने विणलेला स्वेटर भारतातून आणा. जाकीट आणि बूट इथेच घ्या. मुंबई-पुण्यात मिळणारं ‘जाड’ जाकीट उणे पाचच्या वाऱ्यात पुरत नाही. कापसाचे कपडे ओले झाले की थंड पडतात, म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा थर, त्यावर स्वेटर आणि वर वारा-पाणी अडवणारं जाकीट असं घाला. ट्रॅम, ऑफिस, दुकानं सगळी गरम असतात, तेव्हा थर काढता-घालता आले पाहिजेत. एकच भलामोठा कोट असेल तर ट्रॅममध्ये घाम फुटतो आणि उतरल्यावर तो अंगावर गार पडतो.

बुटांवर पैसे वाचवू नका. तळवा खोल खाचांचा आणि वरचा भाग पाणी न शिरणारा हवा. बर्फापेक्षा घसरडा असतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला पातळ थर, आणि तो दिसतही नाही.

साडी नेसायची असेल तर आत थर्मल लेगिंग्ज घाला. कार्यक्रमाला पोहोचेपर्यंत बूट आणि तिथे गेल्यावर चपला.

नाताळला बर्फ पडेल का?

आल्प्सच्या जवळ किंवा डोंगरात राहत असाल तर आशा आहे. सपाट भागात नाताळच्या सुमारास उलट थोडी ऊब येते आणि पाऊस पडतो. इथे हे इतकं ओळखीचं आहे की हवामानवाल्यांकडे त्याला वेगळं नावही आहे. खरा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत पडतो.

हीटर ५ वर ठेवला तर खोली लवकर गरम होते का?

होत नाही. रेडिएटरच्या चकतीवरचे आकडे वेगाचे नसून तापमानाचे आहेत. ३ म्हणजे साधारण २० अंश, प्रत्येक आकड्यामागे सुमारे ४ अंशांचा फरक. खोली १५ अंशांवर असेल तर ३ वर ठेवा किंवा ५ वर, २० पर्यंत पोहोचायला तेवढाच वेळ लागतो. ५ वर ठेवून विसरलात तर ती २८ पर्यंत तापत राहते आणि बिल वाढतं.

बिलाचं गणितही समजून घ्या. ‘वार्ममीटे’मध्ये, म्हणजे सगळा खर्च धरून दिलेल्या भाड्यात, हीटिंगची रक्कम अंदाजाने घेतलेली असते. खरा हिशेब वर्ष संपल्यावर येतो आणि तो पाठवायला घरमालकाला १२ महिन्यांची मुदत असते. म्हणजे या हिवाळ्यातल्या वापराचं बिल पुढच्या हिवाळ्यातही येऊ शकतं. थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेवा. बाहेर जाताना हीटर पूर्ण बंद करू नका, २ वर ठेवा.

एवढ्या थंडीत शेजारी खिडक्या सताड उघड्या का टाकतात?

घरात बुरशी येऊ नये म्हणून. इथल्या इमारती हवाबंद असतात. स्वयंपाकाची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ बाहेर जात नाही, ती थंड भिंतीवर जमते आणि कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात. त्यावरून घरमालकाशी वाद होतात, अनामत रक्कम अडकते.

दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच मिनिटं पूर्ण उघडा, मग बंद करून हीटर परत लावा. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं सगळ्यात वाईट, कारण भिंती गार पडतात आणि हवा काही नीट बदलत नाही. आपल्या स्वयंपाकात वाफ फार निघते. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, भाताचं पातेलं. स्वयंपाक चालू असताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि झाल्याबरोबर खिडकी उघडा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर तरी जागा सोडा. आर्द्रता मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. ४० ते ६० टक्क्यांच्या मधे आकडा असला की घर ठीक आहे.

दही लागत नाही, इडलीचं पीठ आंबत नाही. काही युक्ती?

ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावा आणि भांडं आत ठेवा. त्या दिव्याची ऊब विरजणाला पुरते. दूध कोमटापेक्षा किंचित जास्त गरम असू द्या आणि विरजण उन्हाळ्यापेक्षा थोडं अधिक घाला. इडलीच्या पिठाला रात्रभर पुरलं नाही तर दुपारपर्यंत तसंच राहू द्या. पिठावर बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला की झालं. ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर जोडीदार सकाळी पाव गरम करायला ओव्हन लावेल.

खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे इथे ते सहा महिने बाटलीतून ओतता येत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवा.

इमारतीसमोरचा बर्फ आम्हीच काढायचा असतो का?

भाडेकरारात किंवा इमारतीच्या नियमावलीत लिहिलं असेल तर हो, पाळीप्रमाणे. बहुतेक शहरांत सकाळी ७ पासून रात्री ८ पर्यंत फुटपाथ मोकळा ठेवावा लागतो, रविवारी थोडी सवलत असते. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी पाळी असलेल्यावर येऊ शकते. मीठ टाकायला अनेक शहरांत बंदी आहे, बारीक खडी वापरतात. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याशी पाळी बदलून घ्या.

गाडी घेतली आहे. हिवाळी टायर लागतातच का?

रस्ता बर्फाळ किंवा गोठलेला असेल तर कायद्याने लागतात. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर हा काळ धरतात.

नाताळ नक्की कधी सुरू होतो?

२५ डिसेंबरच्या आधीच्या चार रविवारांपासून. त्या काळाला ‘आडवेंट’ म्हणतात. घराघरांत हिरव्या फांद्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एकेक वाढवत लावतात. ही प्रथा हॅम्बुर्गच्या योहान हिनरिश विशेर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये अनाथाश्रमातल्या मुलांसाठी सुरू केली. नाताळ किती दिवसांवर आला असं मुलं सारखी विचारायची, म्हणून.

५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि ६ तारखेला सकाळी त्यात संत निकोलसने ठेवलेले अक्रोड, संत्री, चॉकलेट सापडतं. शेजारी लहान मुलं असतील आणि ओळख असेल तर त्यांच्या आईला विचारून एक चॉकलेट त्या बुटात सोडा. इतक्या कमी खर्चात इतकी ओळख दुसऱ्या कशाने वाढत नाही.

मुख्य दिवस २४ डिसेंबरची संध्याकाळ. झाड सजवणं, भेटवस्तू उघडणं, जेवण, सगळं त्याच संध्याकाळी. दक्षिणेत भेटवस्तू ‘क्रिस्टकिंड’ म्हणजे बाळ येशू आणतो, उत्तरेत पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा.

दिवाळीचा आकाशकंदील कधी उतरवायचा? शेजारी काय म्हणतील?

उतरवू नका. पहिल्या आडवेंटपासून शेजाऱ्यांच्या खिडक्यांतही कागदी तारे लागतील. त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध तारा सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावचा. त्याला २५ टोकं असतात, आत दिवा असतो आणि तो घरी सुटे भाग जोडून तयार करतात. एकोणिसाव्या शतकात मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या वसतिगृहशाळेत भूमितीच्या तासाला मुलांकडून असे तारे करवून घेत, तिथून तो घराघरांत गेला. खोके, कागद आणि खळ घेऊन वाड्यात बसून कंदील केलेल्या माणसाला हा तारा जोडताना फार आपलं वाटतं. आमच्याकडे दिवाळीपासून जानेवारीपर्यंत कंदील खिडकीतच असतो, आणि तो कुठल्या देशातला म्हणून विचारणाऱ्या शेजारणीशी त्यातूनच ओळख झाली.

नाताळच्या बाजारात काय बघायचं, काय जपायचं?

बहुतेक बाजार आडवेंटच्या आधीच्या आठवड्यात सुरू होतात आणि २३ किंवा २४ डिसेंबरला संपतात. ‘नाताळच्या सुट्टीत बघू’ म्हणाल तर तंबू उठलेले असतील. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा आहे, न्यूर्नबर्गचा जगप्रसिद्ध आहे, आणि दोन्हीकडे शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवारी जा. तुमच्या स्वतःच्या गावचा, चर्चसमोर दोनच दिवस भरणारा बाजार मात्र चुकवू नका. तिथे मधमाश्या पाळणारे, शाळेतली मुलं, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक असे गावातलेच लोक दुकानं लावतात आणि तुमच्याशी बोलायला त्यांना वेळ असतो.

‘ग्ल्यूवाइन’ म्हणजे दालचिनी-लवंग घालून गरम केलेली वाइन. मद्य नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागा. कपासाठी काही युरो अनामत घेतात. कप परत दिला की पैसे परत, आवडला तर घरी न्या. रोख पैसे जवळ ठेवा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहायची वेळ येईल का?

नाही, पण विचारून खा. बटाट्याच्या किसाचे तळलेले ‘कार्टोफलपुफर’ सफरचंदाच्या गोड गराबरोबर देतात. त्यात बऱ्याचदा अंडं असतं. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले गरम बदाम निर्धास्त खा. चीज घातलेल्या ‘श्पेत्सले’ शेवयांत अंडं असतंच. तांबड्या कोबीची भाजी शाकाहारी दिसते, पण तिच्यात पुष्कळदा हंसाची किंवा डुकराची चरबी घालतात. चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं.

गोडात ‘श्टोलन’ हा मनुका-बदाम घातलेला, पिठीसाखरेने माखलेला पाव घ्या. ड्रेस्डेनच्या पारंपरिक पिठात अंडं नसतं, पण मनुका रममध्ये भिजवलेल्या असू शकतात. ‘लेबकूखन’ या केकसारख्या मऊ बिस्किटांत आपले ओळखीचे मसाले असतात. न्यूर्नबर्गच्या ‘एलिझेन’ प्रकारात किमान २५ टक्के सुका मेवा आणि जास्तीत जास्त १० टक्के पीठ असतं, आणि सहसा अंड्याचा पांढरा भाग. प्रत्येक वेष्टनावर घटकांची यादी असते, ती वाचायला शिका.

शेजाऱ्यांनी बिस्किटांचा डबा दिला. आता आम्ही काय द्यायचं?

आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तेच इथे करा. बेसनाचे लाडू, शंकरपाळी, करंज्या यांतलं काहीही त्यांना आवडतं. तिखट चिवडा मात्र हात राखून करा. सोबत छोटी चिठ्ठी, ज्यात गहू, दूध, काजू, बदाम असे घटक लिहिलेले. ॲलर्जीमुळे लोक ते बघतात, आणि तुम्ही न विचारता लिहिलंत याचं त्यांना कौतुक वाटतं.

एखाद्या आडवेंटच्या रविवारी दुपारी ३ वाजता त्यांना चहाला बोलवा. निदान आठवडाभर आधी सांगा. ते ३ ला म्हणजे ३ लाच येतील, तेव्हा फोडणी-तळण आधीच उरकून घ्या.

ऑफिसात काय अपेक्षा असते?

पार्टीला जा, निदान दोन तास थांबा, दारू नको असेल तर नको म्हणा, कोणी आग्रह करत नाही. चिठ्ठ्या टाकून भेटी देण्याच्या खेळात ठरलेल्या रकमेच्या वर जाऊ नका. बोनस करारात असेल तरच मिळतो आणि तो बहुधा नोव्हेंबरच्या पगाराबरोबर येतो. २४ आणि ३१ डिसेंबर या सरकारी सुट्ट्या नाहीत. ऑफिस त्या दिवशी काय धरतं, हे आधी विचारा.

२४ ते २६ डिसेंबर आम्ही दोघंच आहोत. करायचं काय?

हे तीन दिवस पहिल्या वर्षी फार कठीण जातात, आणि त्यांची तयारी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करायची असते.

२४ तारखेला सकाळी बेकरीपुढे रांगा असतात, मंडईत झुंबड असते. दुपारी २ च्या सुमारास दुकानं बंद होतात. चारला अंधार पडतो, चर्चच्या घंटा वाजतात आणि मग रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. रिकाम्या ट्रॅम जातात. सगळ्या खिडक्यांत उजेड असतो, आत माणसं असतात, आणि तुम्ही दोघं आपल्या घरात. आपला सण म्हणजे दारं उघडी, फराळाची ताटं इकडून तिकडे, गल्लीत आवाज. इथे सणाचा दिवस दार लावून घरच्यांबरोबर घालवायचा असतो. तुम्हाला कोणी बोलावलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्या संध्याकाळी इथे सख्खे मित्रसुद्धा एकमेकांकडे जात नाहीत.

म्हणून आपला बेत आपणच करायचा. गावात एकटे राहिलेले मराठी विद्यार्थी असतील, दुसरं एखादं जोडपं असेल, त्यांना २४ च्या रात्री जेवायला बोलवा. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, त्यांच्या गटात एक ओळ टाकली तरी माणसं सापडतात. दोघंच असाल तरी पुरणपोळीचा घाट घाला. वेळ असतो, आणि पुरण वाटताना घरात जो वास पसरतो तो त्या दिवशी हवाच असतो. घरच्यांशी व्हिडिओ कॉल इथल्या दुपारी ठरवा, म्हणजे संध्याकाळी मन तिकडे अडकून राहत नाही. अनेक गावांत चर्च आणि सेवाभावी संस्था एकट्या लोकांसाठी जेवण ठेवतात. तिथे वाढायला मदतनीस लागतात, पण नाव आधी द्यावं लागतं.

२५ ला दुपारी जेवणानंतर बाहेर पडा. सगळं गाव फिरायला निघालेलं असतं, अनोळखी माणसंही शुभेच्छा देतात. आणि सहकाऱ्याने २५ किंवा २६ ला कॉफीला बोलावलं तर नक्की जा. ते आमंत्रण औपचारिक नसतं.

त्या दिवसांत किराणा मिळेल का?

२५ आणि २६ ला दुकानं बंद, आणि रविवारी तर कायमच बंद. २०२६ मध्ये २५ तारखेला शुक्रवार आहे, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार सलग तीन दिवस बंद. दूध, पीठ, कांदे-बटाटे, भाज्या २३ लाच भरा. अडीनडीला मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात.

आम्ही हिंदू आहोत. चर्चमध्ये गेलं तर चालतं का?

चालतं, आनंदाने घेतात. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा, प्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नका. कोट काढू नका, जुनी चर्च आतून फार गार असतात. २४ ला दुपारी मुलं येशूजन्माचं नाटक करतात. ते भाषा न येणाऱ्यालाही समजतं.

आम्ही वसईचे कॅथलिक आहोत. आमच्यासारखा नाताळ इथे मिळेल का?

मध्यरात्रीच्या आसपासची मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मिळेल, मोठ्या शहरांत इंग्रजीतूनही. मिसा संपल्यावर अंगणात गप्पा, गाणी, घरोघरी जाणं हे मिळणार नाही, लोक भराभर घरी जातात. गोवा-वसईकडची मंडळी एकत्र येऊन नेवऱ्या, दोदोल, कुलकुल असे नाताळचे गोड पदार्थ करतात. तुम्हीही पुढाकार घ्या, खूप जण वाट बघत असतात. एक व्यवहाराची गोष्ट म्हणजे पत्ता नोंदवताना धर्म कॅथलिक लिहिला की चर्चचा कर लागतो. तो आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो, राज्याप्रमाणे.

सुट्टीत आजारी पडलो तर?

जीव धोक्यात असेल तर ११२. तेवढं गंभीर नसेल तर ११६ ११७. औषधांची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात, यादी प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेली असते. पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, ते २३ तारखेपूर्वी आणून ठेवा.

सुट्टीत फिरायला किंवा भारतात जाऊन आलो तर?

रेसिडन्स कार्ड हातात असेल तर शेंगेन देशांत बिनधास्त फिरा. लंडनला वेगळा व्हिसा लागतो. कार्डाऐवजी तात्पुरता कागद मिळाला असेल तर त्यावर कुठल्या परिच्छेदाखाली खूण आहे ते आधी कचेरीत विचारा, कारण काही खुणांवर देशाबाहेर गेलात तर परत येता येत नाही. नोकरीत सहा महिने झाल्याशिवाय पूर्ण वर्षाच्या रजेचा हक्क मिळत नाही, हेही लक्षात घ्या. आणि आईबाबांना इकडे बोलवायचं असेल तर मे ते सप्टेंबरमध्ये बोलवा. डिसेंबरात त्यांचे गुडघे आणि त्यांचं मन, दोन्हींना हा देश जड जातो.

३१ डिसेंबरला काय होतं?

२४ ला चिडीचूप असलेलं गाव ३१ ला मध्यरात्री फटाक्यांनी दणाणून जातं. फटाके वर्षाच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवशीच विकतात, तेही अठरा वर्षांवरच्यांना. जेवणात ‘राक्लेट’ असतं. टेबलावरच्या छोट्या तव्यांवर चीज वितळवून बटाट्यांवर घ्यायचं. शाकाहाऱ्यांची सोय त्यात आपोआप होते. बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आत घ्या.

संक्रांत करता येते का?

जरूर करा. तीळ तुर्की आणि आशियाई दुकानांत मिळतात, चिकीचा गूळ भारतीय दुकानात. जानेवारीच्या मध्यापर्यंत दिवस वाढायला लागलेला असतो, म्युनिकमध्ये सूर्य साडेचारच्या पुढे मावळतो. नाताळनंतर सगळे परत कामाला लागतात आणि हा महिना फार सुना वाटतो. हळदीकुंकवाला शेजारणींनाही बोलवा. वाण, अत्तर, तिळगूळ सगळं त्यांना समजावून सांगायला संध्याकाळ पुरत नाही.

६ जानेवारीच्या सुमारास मुकुट घातलेली मुलं दारात आली तर?

ते बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचं सोंग. गाणं म्हणतात, गरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि दारावर खडूने वर्षाचा आकडा आणि तीन अक्षरं लिहितात. डब्यात काही युरो टाका, लाडू द्या. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये त्या दिवशी सुट्टीही असते, म्हणजे दुकानं बंद.

नाताळचं झाड घेतलं तर ते नंतर टाकायचं कुठे?

नगरपालिका जानेवारीत ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणाहून झाडं उचलते. तारखा कचऱ्याच्या वार्षिक तक्त्यात छापलेल्या असतात. चमकी, दोरे, आकडे सगळं काढून टाका, नाहीतर नेत नाहीत. जिन्यातून नेताना झाड जुन्या चादरीत गुंडाळा आणि पडलेली सुईसारखी पानं त्याच दिवशी झाडून काढा.